गेटिसबर्गची स्मारके कशी वाचायची, आणि गावच्या चौकातले ब्राँझ कसे धुवायचे

तुमचे प्रश्न दोन आहेत. न्यू जर्सीहून आई-वडील आणि शाळकरी मुलांना घेऊन एका दिवसात गेटिसबर्गची रणभूमी बघायची आहे, पण तिथे पावलोपावली दगड आणि पुतळे आहेत, त्यातले काय वाचायचे, हा पहिला. दुसरा असा, की तुमच्या गावच्या समितीने यादवी युद्धाचे स्मारक स्वयंसेवकांकडून स्वच्छ करून घ्यायचे ठरवले आहे, तर त्यात काय सांभाळायचे.

गेटिसबर्गला १३००हून जास्त स्मारके आणि फलक आहेत, शिवाय जवळपास ४०० तोफा. सगळे वाचायला आठवडा पुरणार नाही आणि तशी गरजही नाही. कुठल्याही दगडापुढे उभे राहिलात की आधी दोन गोष्टी शोधा: तो कोणी उभारला आणि कधी. लढाई १ ते ३ जुलै १८६३ची, अमेरिकेच्या यादवी युद्धातली: उत्तरेचे युनियन सैन्य विरुद्ध दक्षिणेचे कॉन्फेडरेट. दगड मात्र त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे उभे राहत होते, आणि प्रत्येक दगड आपल्या काळाची भाषा बोलतो. हे डोक्यात ठेवले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

स्मारके उभारणारे ढोबळमानाने तीन हात आहेत. पहिला युनियनच्या माजी सैनिकांचा. जमीन राखायला १८६४ सालीच एक स्मारक संस्था स्थापन झाली होती. दफनभूमी सोडून रणभूमीवरचे पहिले रेजिमेंटचे स्मारक १८७९ साली सेकंड मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी स्पँग्लर्स स्प्रिंगजवळ उभारले. १८८०च्या दशकात तर लाट आली. पेनसिल्व्हेनियाने आपल्या प्रत्येक रेजिमेंटला १५०० डॉलर दिले, इतर राज्यांनीही पैसे काढले. दुसरा हात वॉर डिपार्टमेंटचा, म्हणजे केंद्र सरकारच्या युद्ध खात्याचा. १८९५ साली पार्क त्यांच्याकडे गेले आणि रस्ते, लोखंडी फलक, तोफांचे गाडे हे सगळे पद्धतशीर झाले. १९३३पासून कारभार नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. तिसरा हात दक्षिणेकडच्या राज्यांचा. त्यांची मोठी स्मारके बहुतेक विसाव्या शतकातली आहेत.

माजी सैनिकांच्या दगडांना नियम होते, आणि ते माहीत असले तर दगड भराभर वाचता येतात. साहित्य ग्रॅनाइट किंवा अस्सल ब्राँझ. दर्शनी बाजूला रेजिमेंटचा क्रमांक, राज्य, ब्रिगेड, डिव्हिजन आणि कोअर (रेजिमेंटहून चढत्या क्रमाने मोठे लष्करी गट), ठसठशीत अक्षरांत. तुकडी प्रत्यक्ष लढली असेल तर संख्या आणि हानी, तीही वॉर डिपार्टमेंटच्या नोंदींशी जुळणारी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जागा: रेजिमेंट ब्रिगेडच्या लढाईच्या रांगेत जिथे होती, तिथेच मुख्य स्मारक. पुढे धावून गेलेल्यांना पुढच्या जागी हवे असेल तर ते दुय्यम. त्यामुळे मोठा दगड दिसला म्हणजे तुकडी तिथेच सर्वांत भीषण लढली, असे धरू नका. तो दगड रांगेतली जागा दाखवतो.

या नियमावरून कोर्टकचेरीही झाली. पिकेटच्या हल्ल्याच्या वेळी, म्हणजे ३ जुलैच्या कॉन्फेडरेटांच्या शेवटच्या मोठ्या चढाईत, ७२वी पेनसिल्व्हेनिया आधी दुसऱ्या रांगेत होती आणि नंतर दगडी बांधापर्यंत पुढे आली. संस्थेचे म्हणणे, स्मारक मागेच राहील. सैनिक हटले नाहीत, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९१ साली जिंकले. म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने प्रहार करणारा तो ब्राँझचा शिपाई आज बांधाला लागून उभा आहे. २०११च्या गेटिसबर्ग क्वार्टर नाण्यावर तोच आहे, मुलांच्या खिशात एखादे असेल तर तिथे काढून ताडून बघा. २०१३च्या जूनमध्ये वादळाने हाच पुतळा चौथऱ्यावरून खाली पाडला होता.

आता एक स्मारक कसे वाचायचे. गाडीतून वाचू नका, उतरा आणि चारही बाजूंनी फिरा. स्मारकाचे तोंड बहुतेक वेळा शत्रूकडे असते, रस्ता मात्र नंतर सोयीने काढलेला. ओक रिजवरच्या ११व्या पेनसिल्व्हेनियाच्या पायथ्याशी सॅली नावाची रेजिमेंटची कुत्री ब्राँझमध्ये बसलेली आहे. रस्त्यावरून ती दिसतच नाही, त्यामुळे अर्धे लोक तिला न बघता जातात. फेरी झाली की डावी-उजवीकडे गुडघ्याइतके छोटे दगड शोधा. त्यांवर लेफ्ट फ्लँक, राइट फ्लँक किंवा नुसती एल. एफ., आर. एफ. अक्षरे असतात. ते रेजिमेंटच्या रांगेची दोन टोके दाखवतात. दोन्हींमधले अंतर मुलांना पावलांनी मोजायला लावा. माणसे खांद्याला खांदा लावून दोन ओळींत उभी असत, माणशी साधारण दोन फूट जागा. म्हणजे ३०० जणांची तुकडी ३०० फुटांच्या आसपास भरते. हे अंतर चालून बघितल्याशिवाय नकाशावरची रेघ कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मग कोअरचे चिन्ह. हे पाठ करूनच जा, फक्त सात आहेत. पहिल्या कोअरचे वर्तुळ, दुसऱ्याचे तीन पाकळ्यांचे पान, तिसऱ्याचा चौकट, पत्त्यातला असतो तसा. पाचव्याचा माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकाला रुंदावणाऱ्या भुजांचा. सहाव्याचा साधा, सारख्या भुजांचा क्रॉस. अकराव्याची चंद्रकोर आणि बाराव्याचा पाच टोकांचा तारा. रंग दिलेला असेल तर तांबडा पहिल्या डिव्हिजनचा, पांढरा दुसऱ्या, निळा तिसऱ्या. एवढ्यावर दुरूनच सांगता येते: चौकट दिसला की २ जुलैची पीच ऑर्चर्डकडची लढाई, तारा दिसला की कल्प्स हिल. पाचवा आणि सहावा यांची गल्लत सर्रास होते, तेव्हा भुजांची टोके नीट बघा.

आकड्यांपाशी थांबावे लागते. सेकंड मॅसॅच्युसेट्सचाच दगड घ्या. त्यावर लिहिले आहे की ३ जुलैच्या सकाळी २२ अधिकारी आणि २९४ शिपाई हल्ल्यात गेले. ४ अधिकारी आणि ४१ शिपाई ठार किंवा प्राणघातक जखमी, ६ अधिकारी आणि ८४ शिपाई जखमी. म्हणजे मृत ४५. सरकारी अहवालात मात्र याच रेजिमेंटचे ठार फक्त २३ आहेत, जखमी १०९ आणि बेपत्ता ४. इथे कोणी खोटे बोललेले नाही. अहवाल लढाईनंतर लगेच भरला जातो, आणि त्या वेळी जो जिवंत आहे तो जखमींत मोजला जातो, मग तो पुढच्या आठवड्यात इस्पितळात मरण पावला तरी. दगड सोळा वर्षांनी उभा राहिला, तोवर कोण गेला ते सोबत्यांना माहीत होते. म्हणून कुठल्याही फलकावर आधी बघायचे की ‘ठार’ लिहिले आहे की ‘ठार आणि प्राणघातक जखमी’. ‘बेपत्ता’मध्येही कैद झालेले असतात आणि ओळख न पटलेले मृतही.

फर्स्ट मिनेसोटाच्या दगडावर तर त्यांनी छाती ठोकून लिहिले आहे: हल्ल्यात २६२ जण, त्यांपैकी २१५ ठार-जखमी, ८३ टक्क्यांहून जास्त, ४७ जण रांगेत शिल्लक आणि एकही बेपत्ता नाही. मुलांना भागाकार करायला सांगा. २१५ भागिले २६२ म्हणजे ८२ टक्के. दगडावर कोरलेले आहे म्हणून बरोबर असेलच असे नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळेल, आणि त्या माणसांच्या धैर्यात यामुळे काडीचीही उणीव येत नाही. हे २६२ म्हणजे आठ कंपन्याच आहेत, उरलेल्या दुसऱ्या कामावर होत्या, हेही त्याच मजकुरात नीट वाचले तर लक्षात येते. या रेजिमेंटचे तीन दगड आहेत: राष्ट्रीय दफनभूमीत १८६७चा संगमरवरी कलश, हँकॉक अ‍ॅव्हेन्यूवर संगीन रोखून धावणारा शिपाई, आणि जरा उत्तरेला ३ जुलैच्या जागेचा तिसरा. कुठला दगड कुठल्या दिवसाचा हे न बघता वाचले की लढाईची सरमिसळ होते.

वॉर डिपार्टमेंटचे फलक कोरडे वाटतील, पण मी सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर ठेवतो. स्तुती नाही, दोषारोप नाही, असा त्यांचा दंडक होता. ओळखायची खूण सोपी: ब्रिगेडचा ब्राँझ फलक चौकोनी चौथऱ्यावर असेल तर युनियन, गोल चौथऱ्यावर असेल तर कॉन्फेडरेट. तोफेची नळी उभी रोवलेली दिसली की ते मुख्यालय. तोफांमध्ये हिरवी पडलेली ती ब्राँझची, बहुतेक नेपोलियन प्रकारची. काळी, सडपातळ ती लोखंडी रायफल, आणि मागच्या बाजूला जाड पट्टा असेल तर पॅरट प्रकारची. नळीच्या तोंडावर क्रमांक, वजन, वर्ष आणि तपासनिसाची आद्याक्षरे ठोकलेली असतात. चेंबर्सबर्ग रस्त्यालगत जनरल ब्यूफर्डच्या पुतळ्याच्या पायथ्याला चार नळ्या आहेत. त्यांतली २३३ क्रमांकाची शोधा. युनियन तोफखान्याचा पहिला गोळा तिच्यातून सुटला. गाडे लाकडी दिसतात पण ते ओतीव लोखंडाचे आहेत, गेटिसबर्गच्याच कॅल्व्हिन गिल्बर्टच्या कारखान्यातले. मुलांना त्यांच्यावर चढू देऊ नका. ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तडकते.

कॉन्फेडरेट बाजूला रेजिमेंटचे दगड फारच थोडे आहेत. युद्ध हरलेल्या, खिशात पैसा नसलेल्या लोकांना उत्तरेतल्या संस्थेच्या नियमांत, रांगेच्या जागीच उभारायचे होते, आणि ती रांग रणभूमीच्या कडेला, शत्रूपासून दूर होती. म्हणून तिथे राज्यांची मोठी स्मारके आहेत: व्हर्जिनिया १९१७, नॉर्थ कॅरोलिना १९२९, अलाबामा १९३३. इथे उभारणीचे वर्ष सगळ्यात जास्त बोलते. साउथ कॅरोलिनाचा दगड १९६३चा आहे आणि राज्यांच्या हक्कांच्या पावित्र्यावरची श्रद्धा हा आपल्या माणसांचा धर्म होता असे तो सांगतो. गुलामगिरीचा उल्लेखही नाही. १९६३ म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची लढाई ऐन भरात आलेले वर्ष. मिसिसिपीचा १९७३चा, त्यावर पूर्वजांचे ध्येय न्याय्य होते असे कोरले आहे. शिल्प म्हणून मिसिसिपीचे काम उत्तम आहे, तरी मजकूर १८६३चा म्हणून वाचू नका. मुलांना ही दोन वर्षे दाखवून त्या काळी अमेरिकेत काय चालले होते ते सांगा, नाहीतर ती स्मारके त्यांची फसवणूक करतील. युनियनच्या दगडांवरही गुलामगिरी क्वचितच सापडते, हेही सांगायला हवे.

काही गैरसमज ऐकायला मिळतील. घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी, दोन वर म्हणजे मृत, चारही खाली म्हणजे सुखरूप, हा त्यातला लाडका. मीड, हँकॉक आणि रेनॉल्ड्स या युनियन सेनापतींच्या पुतळ्यांच्या बाबतीत ते जुळते, पण असा नियम कधीच नव्हता. १९९८ साली बसवलेल्या कॉन्फेडरेट जनरल लाँगस्ट्रीटच्या घोड्याचा पाय वर आहे आणि लाँगस्ट्रीटला इथे खरचटलेही नव्हते. ४२व्या न्यूयॉर्कच्या स्मारकावर तंबू आणि आदिवासी सरदार बघून इथे मूळ अमेरिकनांची तुकडी लढली असे अनेकजण समजतात. ती रेजिमेंट न्यूयॉर्क शहरातल्या टॅमनी सोसायटी या राजकीय संस्थेने उभी केली होती आणि टॅमनंड हे त्या संस्थेचे दैवत, एवढेच. दफनभूमीतल्या लिंकनच्या भाषणाच्या स्मारकापाशी सगळे फोटो काढतात. भाषण त्या जागी झालेले नाही.

एका दिवसाचा क्रम असा ठेवा. सकाळी मॅकफर्सन रिज आणि ओक रिज, म्हणजे पहिला दिवस. मग वेस्ट कॉन्फेडरेट अ‍ॅव्हेन्यूने दक्षिणेकडे, व्हर्जिनिया स्मारकापाशी उतरून समोरचे एक मैलाचे मोकळे मैदान बघा. दुपारी लिटल राउंड टॉप. दुरुस्तीसाठी ते २०२२पासून बंद होते, २०२४च्या जूनमध्ये उघडले. ट्वेंटिएथ मेनचा (मेन राज्याच्या २०व्या रेजिमेंटचा) दगड तिथे झाडीत, शिखरापासून बाजूला आहे, पाटी बघत जा. पुढे पेनसिल्व्हेनियाचे मोठे स्मारक: ब्राँझ पाट्यांवर ३४,०००हून जास्त नावे, रेजिमेंट आणि कंपनीवार लावलेली, आणि वर जायला गोल जिना. आई-वडिलांच्या गुडघ्यांना तो झेपेलसा नाही. ते खाली सावलीत बसोत. तिथून अँगल, म्हणजे ७२व्या पेनसिल्व्हेनियाच्या शिपायाजवळचा दगडी बांधाचा कोपरा, आणि शेवटी दफनभूमी. तिथे राज्यवार लावलेल्या कबरींचे अर्धवर्तुळ आहे. जमिनीलगतचे छोटे चौकोनी दगड ज्यांवर फक्त आकडा आहे, ते अनोळखी सैनिक, ९७९ जण. वेळ कमी असेल तर परवानाधारक मार्गदर्शक घ्या. ही परवाना पद्धत १९१५पासून चालू आहे आणि ते तुमचीच गाडी चालवत दोन तासांत हिंडवून आणतात.

आता तुमच्या गावचे स्मारक.

पहिले काम परवानगीचे. स्मारक टाउनचे आहे, चर्चचे, दफनभूमीचे की राज्याचे, ते लेखी माहीत करून घ्या. पार्क सर्व्हिसच्या जागेतल्या दगडाला स्वयंसेवकांनी स्वतःहून ब्रश लावायचा नसतो. मग चारही बाजूंनी फोटो, जवळून आणि लांबून, तिरक्या उन्हात.

धातू कुठला ते ठरवा. पुतळा निळसर करडा, पृष्ठभागावर हिरवा रंग अजिबात नाही, कडांना जोडाच्या सरळ रेघा आणि बोटाने टकटक केले तर पोकळ आवाज, तर ते ब्राँझ नव्हेच. ते जस्त. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनीने ‘व्हाइट ब्राँझ’ नावाने ते गावोगाव विकले. जस्त स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसते, पायथ्याला फुगते आणि जोड उघडतात. गेटिसबर्गच्या चौथ्या ओहायोच्या स्मारकाचा वरचा भाग अशाच कारणाने १९७०च्या दशकात उतरवावा लागला. जस्ताला स्वयंसेवकांनी फक्त पाणी लावावे, शिडी टेकवू नये, आतमध्ये काँक्रीट ओतायचा सल्ला कोणी दिला तर ठाम नाही म्हणावे.

ब्राँझ असेल तर आपल्या लोकांचा हात आधी पितांबरीकडे जातो, चिंच आणि लिंबूही सुचतात. देव्हाऱ्यातल्या तांब्याला ते ठीक, इथे ते नुकसान आहे. वरचा तपकिरी-हिरवा थर घासून काढला की उघडा धातू पुन्हा गंजू लागतो, आणि दरवेळी थोडे ब्राँझ कायमचे जाते. अक्षरांच्या कडा आणि चेहऱ्यावरचे बारीक काम आधी झिजते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर खळबळून धुणे, पूर्ण वाळवणे, एवढेच करायचे. मग पेस्ट वॅक्सचा अगदी पातळ थर, अर्ध्या तासाने मऊ कापडाने चमक येईपर्यंत पुसायचा. जाड थर लावला तर तो पांढरट पडतो आणि धूळ धरतो. हे दरवर्षी, एकदा. ब्राँझ बर्नरने तापवून मेण मुरवायची पद्धत जास्त टिकते, पण ती प्रशिक्षित माणसाचीच: जागा जास्त तापली की रंग बदलतो आणि तो पूर्ववत होत नाही. वायर ब्रश, अमोनिया, सँडब्लास्टिंग, प्रेशर वॉशर, काहीच नको. पुतळ्याच्या तळाशी पाणी निथळायची भोके असतात, ती तारेने हलकेच मोकळी करा. ती बुजली की आत साचलेले पाणी हिवाळ्यात गोठते आणि ओतीव काम फाडते. पुतळ्यांची फाटलेली पावले निम्मी तरी याच कारणाने फाटली असे मी मानतो.

दगडाला आधी बोट फिरवून बघा. संगमरवराची साखरेसारखी पूड हाताला लागली तर ब्रश तिथेच खाली ठेवा आणि संवर्धकाला बोलवा. ठणठणीत असेल तर भरपूर भिजवा, बागेच्या पाइपचा दाब पुरे. नायलॉन किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश घेऊन खालून वर धुवा, कारण वरून सुरुवात केली तर मळके ओघळ कोरड्या दगडात मुरून डाग पडतात. शेवाळ आणि काळी बुरशी यांवर डी/२ नावाचे जैविक द्रावण वापरतात: फवारून १० ते १५ मिनिटे ओले ठेवायचे, मग ब्रश आणि पाणी. काही दिवस दगड नारिंगी दिसेल, घाबरू नका, मेलेली बुरशी हळूहळू पावसाने जाते. ब्लीच वापरलेत तर क्षार दगडात शिरतात, वाळताना स्फटिक होतात आणि पापुद्रे निघतात. व्हिनेगर संगमरवर खाते. रात्री पाणी गोठेल असे वाटले तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. ब्राँझखाली दगडावर उतरलेले हिरवे ओघळ घासून जाणार नाहीत. ते तांब्याचे क्षार आहेत, पोटीस (डाग शोषून घेणारा लेप) लावून काढायचे काम तज्ज्ञाचे. फटी सिलिकॉनने भरू नका, पाणी आत कोंडते. जुन्या संगमरवराला कडक सिमेंटही नको, तापमानाने हालचाल झाली की सिमेंट तसेच राहते आणि दगडाची कड तुटते.

चौकात तोफ आणि गोळ्यांचा ढीग असेल तर दोन गोष्टी. गाड्याचा जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून सँडपेपर मारायचा नाही. आणि गोळे पोकळ वाटले, त्यांना स्क्रूसारखे टोपण दिसले, तर हात लावू नका, हलवू नका. काळी दारू ओलावा न लागता दीडशे वर्षेही जिवंत राहते. पोलिसांना फोन करा.

रस्त्याकडेच्या राज्याच्या फलकांचे, म्हणजे पेनसिल्व्हेनियातले निळे-सोनेरी वगैरे, काम सोपे आहे. ते ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असतात. साबण-पाणी चालते, पण अक्षरांचा रंग उडाला म्हणून हार्डवेअर दुकानातला सोनेरी रंग आणून फासू नका. राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला कळवा, रंगाची छटा आणि प्रकार ते सांगतात. खांब वाकला असेल तर तो बहुधा बर्फ ढकलणाऱ्या गाडीने वाकवला आहे, आणि फलक खाली पडला असेल तर तो घरी नेऊ नका. टाउनच्या कार्यालयात जमा करून पावती घ्या. पडलेले फलक हरवतात ते बहुतेक याच टप्प्यावर.